मेंदूच्या धमन्यांचं मॉडेल: सिलिकॉनचा ठोकळा, पातळ नळी, थेट प्रिंट की जेल?

मेंदूच्या धमन्यांचं मॉडेल प्रयोगशाळेत आणायचं ठरलं की चर्चा लगेच मटेरियलवर जाते. सिलिकॉन घ्यावं की रेझिन, स्वतः करावं की विकत आणावं. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून ठेवा: यातून नेमकं काय मोजणार? प्रवाहाचा वेग मोजायचा असेल तर मॉडेल नितळ, आरपार दिसणारं हवं. कॅथेटर (धमनीत घालायची बारीक नळी), कॉइल (फुगवटा भरायची तार) किंवा स्टेंट (जाळीची नळी) घालून पाहायचा असेल तर नितळपणापेक्षा आतला निसरडेपणा महत्त्वाचा. अल्ट्रासाउंड लावायचा असेल तर नितळपणाला काहीच किंमत नाही, ध्वनीचा वेग जुळायला हवा. या तिन्ही गोष्टी एकाच मॉडेलकडून मागणाऱ्याच्या हातात शेवटी एकही धड पडत नाही.

हाताशी ठेवायचे आकडे असे. इंटर्नल कॅरॉटिडचा (गळ्यातून मेंदूकडे जाणारी मुख्य धमनी) आतला व्यास ४ ते ५ मिमी, तिची मोठी फांदी मिडल सेरेब्रलच्या पहिल्या टप्प्याचा अडीच ते तीन मिमी. मेंदूला मिनिटाला साधारण ७०० ते ७५० मिली रक्त जातं, त्यातलं प्रत्येक कॅरॉटिडमधून सुमारे २५० मिली. रक्ताची घनता १०५५ किलो प्रति घनमीटर आणि मोठ्या धमन्यांपुरती व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ३.५ मिलिपास्कल-सेकंद धरतात. ४.५ मिमी व्यासाला यावरून रेनॉल्ड्स आकडा (प्रवाहाचा जोर आणि दाटपणा यांचं गुणोत्तर) ३५० च्या आसपास येतो आणि मिनिटाला ७० ठोके धरले तर वोमर्सली आकडा (ठोक्यांचा प्रवाहावर किती परिणाम होतो ते सांगणारा) ३.३. हे दोन आकडे जुळले की मॉडेल दुप्पट मोठं असलं तरी त्यातला प्रवाह मूळ धमनीतल्यासारखाच वागतो. पुढच्या सगळ्या निवडी या सवलतीवर उभ्या आहेत.

आधी आकार, मग मटेरियल

चारही प्रकारांत एक पायरी सारखीच आहे: स्कॅनमधून धमनीचा आकार काढणं. बहुतेक मॉडेलं इथेच बिघडतात, आणि दोष नंतर प्रिंटरवर जातो. सीटी अँजिओग्राफीत एक व्हॉक्सेल (स्कॅनमधला सगळ्यात लहान घन ठिपका) साधारण ०.४ ते ०.६ मिमीचा असतो. अडीच मिमीच्या धमनीत थ्रेशोल्ड (किती उजळ ठिपक्यापासून धमनी धरायची ती सीमा) जरा इकडचा तिकडे झाला आणि व्यास एका व्हॉक्सेलने, म्हणजे ०.४ मिमीने कमी आला, तर ती चूक १६ टक्क्यांची. नळीचा रोध व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे तेवढ्याने रोध जवळपास दुप्पट झाला. कॅथलॅबमधला फिरता थ्रीडी अँजिओग्राम मिळत असेल तर तोच घ्या, त्याचे व्हॉक्सेल बरेच बारीक असतात. टाइम-ऑफ-फ्लाइट एमआरए (वाहत्या रक्तावरून धमनी दाखवणारा एमआरआय) वापरताना एक सापळा आहे. फुग्यात, म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेल्या फुगवट्यात (अ‍ॅन्युरिझम), रक्त संथ फिरतं, तिथे सिग्नल पडतो आणि फुगा असतो त्यापेक्षा लहान दिसतो.

आकार काढायला थ्रीडी स्लायसर आणि व्हीएमटीके हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. काढलेल्या आकाराच्या पृष्ठभागाची जाळी गुळगुळीत करताना साधी लाप्लासियन पद्धत लावली की नळी प्रत्येक फेरीला आक्रसते, म्हणून टाउबिन पद्धत लावा आणि आधी-नंतरचा व्यास चार ठिकाणी मोजून पाहा. फुग्याच्या आधीचा कॅरॉटिड सायफन, ते नागमोडी वळण, जागा वाचवायला कापू नका. फुग्यात प्रवाह कसा शिरतो ते या वळणांवरून ठरतं. सायफनच्या आधी मात्र सरळ नळी हवी. वर दिलेल्या आकड्यांना प्रवाह स्थिरावायला साधारण १० सेंमी लागतात.

पेशंटचं स्कॅन वापरणार असाल तर एथिक्स कमिटीची परवानगी आणि डायकॉम (स्कॅनच्या) फाइलीतलं नाव-गाव काढणं या गोष्टी पहिल्याच आठवड्यात उरका. ते जमत नसेल तर अ‍ॅन्युरिस्क प्रकल्पाने अ‍ॅन्युरिझमचे आकार आणि आयएक्सआय संचाने निरोगी माणसांचे एमआरए खुले केलेले आहेत.

सुरुवातीलाच अख्खं विलिसचं वर्तुळ (मेंदूच्या तळाशी मुख्य धमन्यांना जोडणारं कडं) करायला घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. त्यात चार ठिकाणी प्रवाह आत येतो, सहा ठिकाणी बाहेर जातो आणि प्रत्येक तोंडाचा रोध वेगळा जुळवावा लागतो. शिवाय पुष्कळ माणसांत ते वर्तुळ पूर्ण नसतंच. एक फुगा, एक आत येणारी धमनी आणि दोन बाहेर जाणाऱ्या, एवढ्यावर एम.टेक.चा प्रबंध आरामात होतो.

सिलिकॉनचा ठोकळा

पारदर्शक सिलिकॉनच्या घनात धमनीच्या आकाराची पोकळी, हा सगळ्यात जुना आणि वेग मोजण्यासाठी अजूनही सगळ्यात भरवशाचा प्रकार. धमनीच्या आकाराचा गाभा करायचा, तो पेटीत टांगायचा, भोवती सिलिकॉन ओतायचं, घट्ट झाल्यावर गाभा वितळवून किंवा विरघळवून काढायचा.

सिलगार्ड १८४ या पारदर्शक सिलिकॉनमध्ये बेस आणि हार्डनरचं प्रमाण वजनाने १० ला १. १०० × ८० × ६० मिमीच्या पेटीला ४८० मिली लागतं, म्हणजे साधारण ५०० ग्रॅम. भांड्याला चिकटून राहतं ते धरून ५०० ग्रॅम बेस आणि ५० ग्रॅम हार्डनर घ्या. पाच मिनिटं तळापासून आणि कडेपासून ढवळा, मग व्हॅक्यूममध्ये अर्धा तास. फेस चढून मिश्रण मूळच्या तिप्पट-चौपट वर येतं, त्यामुळे भांडं तेवढं मोठं हवं, नाहीतर पुढचा दिवस व्हॅक्यूम चेंबर खरवडण्यात जातो. हातात वेळ दीड तासाच्या आसपास मिळतो. ओतताना धार एका कोपऱ्यात बारीक धरायची, म्हणजे पातळी खालून वर चढते आणि फांद्यांखाली हवा अडकत नाही. पेटीच्या आतल्या बाजू अ‍ॅक्रिलिकच्या आणि ओरखडा नसलेल्या हव्यात. सिलिकॉन त्यांचा प्रत्येक ओरखडा उचलतं आणि तो पुढे कॅमेऱ्यात दिसतो.

गाभा कशाचा, यावर बाकी सगळं ठरतं. ओव्हन किती तापवता येईल, तेसुद्धा.

एबीएस प्लास्टिकचा प्रिंट केलेला गाभा स्वस्त, ६० अंशांपर्यंत निर्धास्त आणि अ‍ॅसिटोनच्या वाफेवर धरला की थरांच्या रेघा बुजतात. वाफेत जास्त वेळ राहिला तर फुग्याच्या मानेची धार गोल होते, म्हणून मिनिटं मोजून बाहेर काढा. नंतर अ‍ॅसिटोननेच तो विरघळवायचा. अ‍ॅसिटोनने सिलिकॉन फारसं फुगत नाही, पण अ‍ॅक्रिलिकची पेटी खराब होते, म्हणून पेटी आधी सोडवायची. दीड मिमीहून बारीक फांदी बंद टोकाची ठेवली तर अ‍ॅसिटोन आत फिरतच नाही आणि तिथे पांढरा चिकट लगदा कायमचा बसतो. प्रत्येक फांदी पेटीच्या भिंतीपर्यंत नेऊन उघडी ठेवा आणि सिरिंज पंपाने हळू धार सोडा.

पीव्हीए प्लास्टिकच्या फिलामेंटचा (प्रिंटरला लागणाऱ्या तारेचा) गाभा पाण्यात विरघळून जातो, अ‍ॅसिटोनची कटकट नाही. पण हे फिलामेंट हवेतलं पाणी पितं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबई-कोकणात उघडं ठेवलेलं रीळ दोन दिवसांत नोझलमध्ये फुटफुटायला लागतं आणि गाभ्यातल्या ओलीमुळे सिलिकॉनमध्ये बारीक बुडबुड्यांची माळ उठते. ड्रायबॉक्स नसेल तर पावसाळ्यात या वाटेला जाऊ नका.

मेणाचा आणि फील्ड्स मेटलचा गाभा सगळ्यात गुळगुळीत. फील्ड्स मेटल हा बिस्मथ, इंडियम आणि कथिलाचा मिश्रधातू ६२ अंशांना वितळतो. इंडियममुळे महाग, पण गाळून पुन्हा वापरता येतो. हमखास होणारी चूक म्हणजे घाईने ओव्हन ८० अंशांवर लावणं: सिलिकॉन घट्ट व्हायच्या आत गाभाच वाहून जातो. अशा गाभ्याला खोलीच्या तापमानाला ४८ तास द्यावे लागतात, त्याला दुसरा इलाज नाही. काढताना गरम पाण्यात ठोकळा हलवायचा आणि शेवटचे मणी काढायला उलट दिशेने गरम पाण्याची धार सोडायची.

आता सगळ्यात जास्त मॉडेलं वाया घालवणारी गोष्ट. सिलगार्डमधला प्लॅटिनम उत्प्रेरक गंधक, अमाइन आणि कथिलाच्या संयुगांनी मरतो. लेटेक्सचे हातमोजे किंवा गंधक असलेली मॉडेलिंगची माती लागली की तेवढा भाग चिकट राहतो, कितीही तापवलं तरी. अर्धवट पक्क्या झालेल्या एसएलए (उजेडाने द्रव रेझिन थराथराने घट्ट करणारं प्रिंटिंग) रेझिनचा गाभा किंवा साचा वापरला तरी तेच होतं, आणि धोका असा की चिकट थर नेमका धमनीच्या आतल्या पृष्ठभागावर येतो. नायट्राइलचे हातमोजे वापरा. रेझिन वापरणं भागच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, यूव्हीत पक्कं करून, ओव्हनमध्ये काही तास भाजून आणि वर वॉर्निशचा हात देऊन मगच ओता. आधी त्याच रेझिनच्या तुकड्यावर चमचाभर सिलिकॉन ओतून दुसऱ्या दिवशी बोट लावून पाहा.

ठोकळ्याची मर्यादा उघड आहे. भिंत धडधडत नाही आणि कॅथेटरच्या जोराने धमनी सरकत नाही. कवटीतल्या धमन्या गळ्यातल्या कॅरॉटिडपेक्षा मुळात कमी फुलतात, त्यामुळे प्रवाहाच्या बऱ्याच प्रश्नांना हे चालून जातं. स्टेंट रिट्रीव्हरने (गुठळी पकडणाऱ्या जाळीने) गुठळी ओढायच्या प्रयोगाला मात्र चालत नाही.

आत फिरवायचं द्रावण

ठोकळा कितीही नितळ असला तरी आत पाणी भरलं की धमनीच्या कडा वाकड्या दिसतात. सिलगार्डचा अपवर्तनांक (त्यातून जाताना उजेड किती वळतो तो आकडा) १.४१ आहे, पाण्याचा १.३३. वजनाने ६० टक्के ग्लिसरीन घातलं की १.४१ गाठता येतो, पण २० अंशांना व्हिस्कॉसिटी १०.८ मिलिपास्कल-सेकंद होते, म्हणजे रक्ताच्या तिप्पट. ४० टक्के घेतलं तर व्हिस्कॉसिटी ३.७ वर येते, पण अपवर्तनांक १.३८ वर अडकतो.

यातून दोन वाटा आहेत. पहिली सोडियम आयोडाइडची: वजनाने पाणी ४७, ग्लिसरीन ३७ आणि सोडियम आयोडाइड १६ टक्के घेतलं की अपवर्तनांक १.४१४ होतो आणि व्हिस्कॉसिटी रक्ताच्या जवळ राहते. हे द्रावण हवा-उजेडात पिवळं पडतं. चिमूटभर सोडियम थायोसल्फेट, ०.१ टक्क्याच्या आसपास, घातलं की रंग जातो. आयोडाइड धातूला खातं, तेव्हा स्टीलच्या गियर पंपातून फिरवू नका. आणि हे द्रावण घेऊन सी-आर्मखाली (कॅथलॅबमधल्या क्ष-किरण यंत्राखाली) जाऊ नका. आयोडिन क्ष-किरण अडवतं, कॉन्ट्रास्ट न सोडताच सगळी धमनी काळी दिसेल.

दुसरी वाट स्वस्तातली: ६० टक्के ग्लिसरीनच घ्या आणि मॉडेल मोठं करा. २० अंशांना या द्रावणाची व्हिस्कॉसिटी घनतेने भागली की रक्ताच्या २.८ पट येते. मॉडेल दुप्पट केलं, तर रेनॉल्ड्स जुळवायला प्रवाह २५० × २ × २.८, म्हणजे मिनिटाला १४०० मिली लागतो. वोमर्सली जुळवायला ठोके ७० × २.८ ÷ ४, म्हणजे मिनिटाला ४९. पंप घेताना हे गणित आधी करा. मूळ आकाराला पुरणारा पंप दुप्पट आकाराला पुरत नाही, हे पंप आल्यावर कळणं महागात पडतं. दुप्पट आकारात फुग्याची मान कॅमेऱ्यात दुप्पट पिक्सेल घेते, हा वरचा नफा. स्टेंटसारखी खरी उपकरणं मात्र मोठ्या मॉडेलमध्ये घालता येत नाहीत.

तापमानाकडे दुर्लक्ष करू नका. हेच ६० टक्क्यांचं द्रावण २० अंशांवरून ३० वर गेलं की व्हिस्कॉसिटी १०.८ वरून ७.२ वर येते, एक तृतीयांश गायब. दुपारी एसी बंद पडला किंवा पंपाने टाकी तापवली की सकाळचं आणि संध्याकाळचं वाचन जुळत नाही, आणि दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधला जातो. टाकीत थर्मामीटर ठेवा, प्रत्येक वाचनासोबत तापमान लिहा. नितिनॉलची (तापमानानुसार आकार घेणाऱ्या मिश्रधातूची) उपकरणं ३७ अंशांनाच तपासायची असतात. त्या तापमानाला रक्ताची व्हिस्कॉसिटी हवी असेल तर ग्लिसरीन ५० टक्क्यांच्या आसपास लागतं, ४० नव्हे.

लेझरच्या पातळ पडद्यात कणांचे फोटो घेऊन वेग काढायचा, म्हणजे पीआयव्ही करायचं असेल तर फ्लुओरोसंट कणांवर खर्च करा. हिरव्या लेझरला ते नारिंगी उजेड देतात. कॅमेऱ्यापुढे फिल्टर लावला की भिंतीवरची चकाकी निघून जाते आणि भिंतीलगतचा वेग, जो घर्षण ताणासाठी हवाच असतो, स्वच्छ मिळतो.

पातळ भिंतीची सिलिकॉन नळी

विकत मिळणाऱ्या महागड्या मॉडेलांचा हा लोकप्रिय प्रकार. दिसायला अगदी खऱ्यासारखा, आणि त्यामुळेच त्याच्याबद्दलच्या अपेक्षा फुगतात. "लवचिक भिंत" असं कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असलं तरी गणित करून पाहा. ४.५ मिमी व्यासाची नळी, १ मिमी जाडीची भिंत, सिलगार्डचा मॉड्युलस (कडकपणाचा आकडा) दीड मेगापास्कल आणि ठोक्याला दाबात ४० मिमी पाऱ्याचा फरक, एवढ्यावर व्यास एक टक्काही वाढत नाही. भिंत पातळ केली म्हणजे धमनी धडधडायला लागली असं होत नाही. ०.३ मेगापास्कलच्या मऊ सिलिकॉनची ०.८ मिमी भिंत केली तर तीच वाढ पाच टक्क्यांवर जाते. विकत घेताना म्हणून विक्रेत्याला भिंतीची जाडी आणि मॉड्युलस दोन्ही विचारा. एकच सांगत असेल तर उत्तर अर्धवट आहे.

पातळ नळीचा खरा उपयोग वेगळा आहे. कवटीतल्या धमन्या मेंदूभोवतीच्या पाण्यात सैल लोंबकळत असतात. जाड कॅथेटर वळणातून चढवला की वळण सरळ होतं, गुठळी ओढली की धमनी सोबत खेचली जाते. ही हालचाल ठोकळ्यात होत नाही, पाण्याच्या टाकीत टांगलेल्या नळीत होते. २०१५ मधल्या चाचण्यांनी स्ट्रोकवर गुठळी ओढून काढण्याचा उपचार पक्का झाल्यापासून या प्रकाराची मागणी त्यामुळेच वाढली.

घरी करायची तर गाभ्यावर ब्रशने किंवा बुडवून थर द्यायचे आणि सिलिकॉन घट्ट होईपर्यंत दोन अक्षांवर गाभा फिरवत ठेवायचा. अडचण फाट्यावर येते. पृष्ठताणामुळे मधासारखं दाट सिलिकॉन फाट्याच्या खोबणीत साठतं आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला विरळ होतं. म्हणजे जिथे अ‍ॅन्युरिझम होतात तिथेच भिंत जाड, आणि वळणावर सुई टोचली तरी फाटेल इतकी पातळ. बाहेरचा साचा वेगळा करून मधल्या फटीत सिलिकॉन ढकललं तर जाडी आवाक्यात राहते, पण साच्याचं काम दुप्पट होतं. पहिलंच मॉडेल करणाऱ्याने हे घरी करू नये, विकत घ्यावं.

सिलिकॉनचा आणखी एक तोटा ठोकळ्याला आणि नळीला सारखाच लागू आहे: कॅथेटर चिकटतो. खऱ्या धमनीचं अस्तर निसरडं असतं. पाण्यात थोडा भांडी घासायचा लिक्विड साबण घातला तर वायर सरकते, पण किती घातला ते मोजून लिहा. नाहीतर सोमवारचा आणि गुरुवारचा जोर तुलना करण्याजोगा राहत नाही. साबणाचा फेस पंपात चढतो, तेव्हा टाकीत परतणारी नळी पातळीच्या खाली बुडलेली ठेवा.

थेट प्रिंट

स्कॅन आज मिळालं आणि शस्त्रक्रिया परवावर आहे, तर दुसरा पर्याय नाही. एसएलए किंवा मटेरियल जेटिंग (रेझिनचे थेंब फवारणाऱ्या) प्रिंटरवर पोकळ धमनी रातोरात होते. गाभा नाही, ओतणं नाही, ४८ तास थांबणं नाही.

त्याची किंमत आतल्या पृष्ठभागावर मोजावी लागते. एसएलएमध्ये प्रिंट संपताच पोकळीत रेझिन अडकलेलं असतं. मॉडेल बेडवरून काढल्याबरोबर सिरिंजने आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून ते बाहेर काढायचं. आधी यूव्हीत ठेवलं तर एक मिमीच्या फांद्या कायमच्या बंद. पोकळीच्या आत सपोर्ट येणार नाही अशी दिशा निवडा, कारण सपोर्ट तोडल्यावर उरलेल्या खुंट्यांना मायक्रोकॅथेटर अडकतो. मटेरियल जेटिंगमध्ये आत सपोर्टचा जेल भरलेला असतो आणि नागमोडी सायफनमधून तो काढणं हेच प्रिंटिंगपेक्षा मोठं काम होतं.

पारदर्शक रेझिनचा अपवर्तनांक दीडच्या आसपास असतो. तिथे ग्लिसरीन-पाणी पोचत नाही, आयोडाइड किंवा थायोसायनेटची दाट द्रावणं लागतात, म्हणजे वेग मोजायला हा प्रकार महागच पडतो. मऊ रेझिन, अ‍ॅजिलस ३० किंवा इलॅस्टिक ५० ए, हाताला छान लागतात, पण धुरकट दिसतात आणि कनेक्टर चढवताना तोंडाशी फाटतात. कनेक्टरची जागा दोन मिमी जास्त जाड करून प्रिंट करा.

फ्लो डायव्हर्टर (फुग्यात जाणारा प्रवाह कमी करणारी दाट विणीची जाळी) तपासणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. अमेरिकेत २०११ मध्ये परवानगी मिळालेल्या पाइपलाइनसारख्या उपकरणात ४८ तारा विणलेल्या असतात आणि एकेक तार साधारण ३० मायक्रॉनची. प्रिंटचा थर १०० मायक्रॉनचा असेल तर भिंतीवरची पायरीच तारेच्या तिप्पट उंच. उपकरण भिंतीला नीट टेकलं की नाही हा निष्कर्ष अशा मॉडेलवरून काढण्यात अर्थ नाही. २५ मायक्रॉनचा थर आणि आतून पातळ लेपाचा हात, किंवा सरळ फील्ड्स मेटलच्या गाभ्याचा ठोकळा घ्या. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने नितिनॉलचा फ्लो डायव्हर्टर विकसित केल्यापासून आपल्याकडेही हा प्रश्न निव्वळ पुस्तकी राहिलेला नाही.

पीव्हीए जेल

नाव तेच असलं तरी हे फिलामेंटवालं पीव्हीए नव्हे. जवळजवळ पूर्ण हायड्रोलाइझ केलेलं, जास्त रेणुभाराचं पीव्हीए पाण्यात विरघळवून गोठवायचं आणि वितळवायचं, की त्याचं रबरासारखं जेल बनतं. १०० ग्रॅम पावडर, ९०० मिली पाणी, झाकण ठेवून ९० अंशांवर दीड-दोन तास ढवळणं. उडालेलं पाणी वजन करून परत घाला. रात्रभर ठेवून बुडबुडे वर येऊ द्या. मग उणे २० अंशांवर १२ तास, बाहेर १२ तास, ही एक फेरी. दर फेरीला जेल कडक होतं, त्यामुळे एकाच मिश्रणातून मऊ-कडक दोन्ही भिंती मिळतात. गोठण्यापेक्षा वितळण्याचा वेग जास्त महत्त्वाचा. हळू वितळू द्या, घाई केली तर जेल कमकुवत राहतं.

सिलिकॉनला न जमणारं काम हे करतं. मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर, या जेलमध्ये जवळपास तेवढाच, सिलिकॉनमध्ये मात्र १००० च्या आसपास. ट्रान्सक्रेनियल डॉप्लर (कवटीवरून मेंदूतला प्रवाह मोजणारा अल्ट्रासाउंड) सिलिकॉनवर लावला तर धमनी भलत्याच खोलीवर दिसते. एमआरआयलाही जेल चांगलं.

बाकी सगळ्या बाबतींत ते हट्टी आहे. पांढरं, अपारदर्शक. बाहेर काढून ठेवलं की आकसतं, म्हणून कायम पाण्यात, आणि पाण्यात बुरशी धरतं म्हणून बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखं परिरक्षक घालावं लागतं. गाभ्याचीही पंचाईत: फार तापवलं तर जेलच वितळतं, म्हणून ४७ अंशांना वितळणारा मिश्रधातू वापरतात. त्यात शिसं आणि कॅडमियम असतं. हातमोजे आणि फ्यूम हूडशिवाय त्याला हात लावू नका. काम सरळ नळीवर भागत असेल तर गुळगुळीत स्टीलची सळई गाभा म्हणून ठेवा आणि नंतर ओढून काढा.

चिप या यादीत का नाही

अर्ध्या मिमीच्या पन्हळीत पेशी वाढवलेली मायक्रोफ्लुइडिक चिप हेही मेंदूच्या रक्तवाहिनीचं मॉडेलच, पण प्रश्न वेगळा: रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या अडसरातून औषध जातं का, पेशींना प्रवाहाचा ताण कळतो का. ५०० मायक्रॉन रुंद, १०० मायक्रॉन उंच पन्हळीत भिंतीवर १ पास्कल ताण द्यायला मिनिटाला ७० मायक्रोलिटरच पुरतात. त्यात फुग्यातला भोवरा नाही, कॅथेटरही नाही. आणि औषधाची पारगम्यता मोजणार असाल तर चिपचं सिलिकॉन तेलकट स्वभावाचे छोटे रेणू स्वतःच शोषतं, हे आधी वजा करावं लागतं.

समोरासमोर

| | सिलिकॉन ठोकळा | पातळ नळी | थेट प्रिंट | पीव्हीए जेल |
|---|---|---|---|---|
| वेग मोजणं | उत्तम | बाहेरची टाकीही जुळत्या द्रावणाने भरावी लागते | अवघड | नाही |
| स्टेंट, कॉइल | चालतं, साबण लागतो | चांगलं | सरावापुरतं | निसरडं, पण आतलं दिसत नाही |
| गुठळी ओढणं | नाही | उत्तम | मऊ रेझिन असेल तर | चालेल |
| अल्ट्रासाउंड | नाही | नाही | नाही | उत्तम |
| तयार व्हायला | ४ ते ६ दिवस | विकत घ्या | १ ते २ दिवस | ४ ते ७ दिवस |

कॉलेजची प्रयोगशाळा, हातात व्हॅक्यूम पंप आणि साधा प्रिंटर, विषय प्रवाहाचा: डोळे झाकून सिलिकॉनचा ठोकळा, एबीएसचा गाभा, ६० टक्के ग्लिसरीन, दुप्पट आकार. हॉस्पिटलचा न्यूरोइंटरव्हेन्शन विभाग, उद्देश रेसिडेंटचा सराव: मऊ रेझिनचा प्रिंट, दर दोन-तीन महिन्यांनी नवा. उपकरण बनवणारी कंपनी: एक विकतची पातळ नळी आणि सोबत त्याच आकाराचा ठोकळा. नळीवर हाताळणी तपासा, ठोकळ्यावर भिंतीला टेकणं. एकाच्या पैशात दोन्ही होतील असं सांगणाऱ्या विक्रेत्यापासून चार हात दूर राहिलेलं बरं.

लावण्याआधी

मॉडेल कुठलंही असो, चार गोष्टी तपासल्याशिवाय सर्किटला जोडू नका. रिकाम्या मॉडेलचं वजन करा, पाण्याने भरून परत करा. ग्रॅमचा फरक म्हणजे पोकळीचे मिली. एसटीएल (प्रिंटसाठीच्या थ्रीडी आकाराच्या) फाइलीतल्या आकारमानाशी तो जुळला नाही तर कुठेतरी गाभ्याचा तुकडा अडकला आहे किंवा नळी आक्रसली आहे. मग आलेखाचा कागद मागे धरून ठोकळ्यात द्रावण भरा. धमनीतून दिसणाऱ्या रेघा कडेशी मोडत असतील तर रेफ्रॅक्टोमीटर हातात घेऊन थेंबाथेंबाने पाणी किंवा ग्लिसरीन घाला, रेघा सरळ होईपर्यंत. टाकीतलं पाणी उडत राहतं, म्हणून हे दर सकाळी करा. तिसरं, तोंडं बंद करून २०० मिमी पाऱ्याच्या दाबावर अर्धा तास ठेवा. गळती जवळपास नेहमी कनेक्टरपाशीच निघते. शेवटी प्रत्येक बाहेर जाणाऱ्या फांदीचा प्रवाह मोजपात्र आणि स्टॉपवॉच घेऊन वेगळा मोजा आणि सुईचे व्हॉल्व्ह फिरवून हवं ते प्रमाण आणा. एक व्हॉल्व्ह फिरवला की दुसऱ्याचा प्रवाह बदलतो, म्हणून दोन्ही स्थिर होईपर्यंत आळीपाळीने फिरवत राहा, आणि जुळल्यावर व्हॉल्व्हवर मार्करने खूण करून ठेवा.